सप्टेंबरचा हप्ता आणि मधल्या ओळीची कपाशी

पोरांनो,

मागच्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, वर्ष संपलेलंच नाही तर तुला किती पैसे मिळणार हे कसं कळतं? मग टॅक्स कशावर भरतेस?" मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात धाकटा मागून ओरडला, "आजी गेस करते!" तुम्ही दोघं हसलात, तुमची पोहायला जायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

आजोबा शेजारीच बसून ऐकत होते. म्हणाले, "पोरगं चुकीचं न्हाई बोललं. पण निस्तं गेस म्हणू नको म्हणावं. गेल्या सालचं सगळं लिहून पाठव त्यांना." जूनचा हप्ता आता तोंडावर आला आहे. तो भरायच्या आधीच लिहून टाकते, कारण भरल्यावर मला नेहमी वाटतं की एक काम संपलं, आणि मग मी त्याबद्दल बोलत नाही.

आधी कराचं सांगते. तुमच्या आईबाबांचा कर पगारातून आपोआप कापला जातो. दुकानदाराला पगार नसतो. त्याने वर्ष चालू असतानाच स्वतःशी अंदाज करायचा, यंदा इतकं उत्पन्न होईल, त्यावर इतका कर बसेल, आणि तो चार हप्त्यांत आगाऊ भरायचा. जूनच्या पंधरा तारखेपर्यंत पंधरा टक्के. सप्टेंबरपर्यंत पंचेचाळीस, डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि मार्चच्या पंधरा तारखेला सगळा. कमी भरला तर व्याज लागतं. जास्त गेला तर परत मिळतो. आमच्या वयाच्या लोकांना यातून सूट आहे, पण ज्यांचा धंदा चालू आहे त्यांना नाही. बियाण्यांचं दुकान माझ्या नावावर आहे, म्हणून मी भरते.

दुकान काढलं तेव्हा कायद्यातलं हे आगाऊ कराचं कलम मी इंग्रजीतून वाचलं होतं. त्या वेळी मी शाळेतली नोकरी नुकतीच सोडली होती आणि सरकारी इंग्रजी वाचायची मला भीती नव्हती. रुक्ष काहीतरी असेल अशी समजूत करून बसले आणि वाचता वाचता थक्क झाले. जूनमध्ये आमच्या परतूरच्या शिवारात कपाशी जेमतेम पेरलेली असते. सप्टेंबरच्या मध्यावर झाडावर हिरवी बोंडं लटकतात. डिसेंबरला वेचणी अर्धीअधिक झालेली असते, आणि मार्चला रान मोकळं. जूनमध्ये माणसाला थोडंच कळतं, म्हणून थोडंच माग. सप्टेंबरला जास्त कळतं, तेव्हा जास्त. मी आजोबांना म्हटलं होतं, "अहो, हे लिहिणारा दिल्लीत बसला असेल, पण त्याने कपाशीचं शेत पाहिलेलं असणार."

आजोबा म्हणाले, "पाह्यलं न्हाई तर पाहायला बोलाव त्याला. चहा पाजू."

आमच्या दुकानाचं उत्पन्न शेतावरच अवलंबून आहे. जूनमध्ये लोक बियाणं नेतात, बरेच जण उधारीवर. कापूस विकला की पैसे आणून देतात. आमचा हिशेब पैसे हातात आले की धरायचा, या पद्धतीचा आहे. म्हणजे जूनमध्ये करासाठी जो आकडा धरायचा, तो अजून न उगवलेल्या कपाशीचा. तो आकडा पहिल्या वर्षापासून आजोबा सांगत आले.

ते रुपयांत सांगत नाहीत, आण्यांत सांगतात. पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत, आणि पीक किती आलं हे इकडे आण्यांतच मोजत. सोळा आणे म्हणजे भरपूर, पुरेपूर पीक. चार आणे म्हणजे दुष्काळ. आजोबा "यंदा दहा आणे" म्हणाले की मी आमच्या सगळ्यात चांगल्या वर्षाची वसुली घेते, तिचे सोळा भाग करते, दहा धरते आणि त्यावर कर काढते. आमचे सीए जालन्याला बसतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मॅडम, या अंदाजाला आधार काय?" मी म्हटलं, "ते शेतात जाऊन आलेत." ते हसले आणि म्हणाले, "बाकी सगळे मागच्या वर्षाचाच आकडा लावतात." पण पुढे पुढे मार्चमध्ये हिशेब जुळवताना ते आपणहून विचारू लागले, "काका यंदा किती आणे म्हणाले होते?"

हे आजोबा कुठे शिकले, ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नसेल. त्यांचे वडील गावकीचं काम करत. निजामाच्या राज्यात पिकाचे आणे ठरवायला अधिकारी गावात आला की त्याच्या घोड्यापुढे चालायचं, सामान वाहायचं, बांधावर उभं राहायचं, हे त्यांच्या वाट्याचं काम होतं. अधिकारी पिकाकडे बघायचा, पटवारी लिहून घ्यायचा. यांना कुणी विचारायचं नाही. त्यांची मजुरी वर्षाच्या शेवटी, खळ्यावर उरेल त्यातून, पदरात पडेल तेवढी. पण शेतामागून शेत ते बघत राहिले, आणि अधिकाऱ्याने किती लिहिलं आणि खरं किती पिकलं हे मनात ताडून पाहत राहिले. पुढे आपण सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला, गावकीचं काम सुटलं, आजोबा शाळेत गेले. पण शेताच्या कडेने चालताना वडील त्यांना शिकवतच होते. "बोंड नुसतं बघू नको, हातात धर. भरलेलं बोंड जड लागतं."

म्हणून दर हप्त्याच्या आधी शेतात जायचं, हा आमच्या घरचा रिवाज झाला. सण असावा तसा. पूर्वी आम्ही दोघं स्कूटरवरून तीन शेतं पाहायचो. एक गोदावरीच्या काठचं, एक जालन्याच्या वाटेवरचं आणि एक इथलंच, रेल्वे रुळांपलीकडचं. तिन्ही शेतं गिऱ्हाइकांची. आजोबा शेताच्या मधोमध जात, चार-पाच झाडं निवडत, बोंडं पाहत आणि परत येऊन चप्पल झटकत आकडा सांगत. मी चलन भरत असे. आधी बँकेच्या खिडकीत रांग लावून, आता फोनवर. ज्या माणसाच्या वडिलांना खळ्यावर शेवटी उभं राहावं लागे, तो माणूस वर्षाच्या सुरुवातीला देशाच्या सरकारला सांगतो की यंदा मी इतकं कमावणार आहे, आणि हा तुमचा वाटा, आधीच घ्या. चलनाची पावती फोनवर उमटते तेव्हा दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो. तुम्ही हसाल. हसा.

आता गेल्या सालचं.

आजोबांना काचबिंदू होता हे तुम्हाला माहीत आहे. डावा डोळा आधी गेला, उजवा हळूहळू. परवाच्या हिवाळ्यात उजव्याचाही उजेड संपला. स्कूटर आम्ही विकली. जूनच्या हप्त्याला आम्ही रिक्षाने रुळांपलीकडच्या शेतावर गेलो. जूनमध्ये तसंही बघायला काही नसतं. त्यांनी मूठभर माती हातात चुरली, वास घेतला, म्हणाले, "दहा." मी दहाच्या हिशेबाने भरले.

खरी परीक्षा सप्टेंबरची होती, आणि ते त्यांनाही माहीत होतं. तुमचे बाबा तर वर्षभर सांगतच होते, "आई, दुकान बंद करा. ठेवींच्या व्याजावर आरामात राहाल. आगाऊ कराची कटकटही जाईल. नाहीतर इकडे या." त्यांचं चूक नव्हतं. आमचं दुकान आजोबांच्या अंदाजावर चालतं. किती बियाणं मागवायचं, कुणाला किती उधार द्यायचं, सगळं त्यावरच. अंदाज गेला तर दुकान गेलं. आणि दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर खुर्चीवर बसून काय करेल, ही माझी काळजी होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पुन्हा त्याच शेतावर गेलो. ते शेत एका बाईचं आहे. नवरा पुण्याला कंपनीत, ही इथे सगळं पाहते. आमच्याकडूनच बियाणं नेते. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. तिने आजोबांचा हात धरला. "चला काका, हळू. इकडून या, इकडून." मी रिक्षापाशीच थांबले, माझ्या गुडघ्यांना चिखल झेपत नाही.

तिथून मी जे पाहिलं ते मला नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. आजोबा झाडाजवळ वाकले आणि दोन्ही हात खालपासून वरपर्यंत नेले, जसा एखादा माणूस लहान मुलाच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवतो. ओठ हलत होते, म्हणजे बोंडं मोजत होते. मग एकेक बोंड मुठीत धरून हलकेच दाबलं. एका ठिकाणी थांबले, त्या बाईला म्हणाले, "ह्यात अळी हाय. फोडून पाह्य." तिने नखाने बोंड फोडलं. आत गुलाबी अळी होती. तिने तोंडावर हात घेतला. मी दुरून पाहत होते आणि माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं मी समजत होते की हे सगळं डोळ्यांचं काम आहे.

परत येताना रिक्षात ते खुशीत होते. "बारा आणे."

"बारा?" मी म्हटलं. "बाजारात तर सगळे आठ-नऊ म्हणतात."

"बाजार शेतात जातो व्हय? बारा लिव्ह."

त्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला तेव्हा आजोबांनी स्वतःच विषय काढला. "ऐक. हा आकडा चुकला तर मार्चला शटर खाली. मंग येतो आम्ही तिकडं, तुमच्या बर्फात."

"नक्की ना, बाबा? लिहून देता?"

"तुझी आई हाय की साक्षीला. इंग्रजीत लिहून देईल."

मी बाराच्या हिशेबाने सप्टेंबरचा हप्ता भरला. मोठा आकडा होता. पावती आली तेव्हा नेहमीसारखा काटा आला, पण त्यात या वेळी धास्तीही होती.

दिवाळी झाली. कापूस बाजारात येऊ लागला आणि लोक पैसे आणून देऊ लागले. मी रोज गल्ला मोजते. नोव्हेंबर संपत आला तशी मला शंका उरली नाही. बारा आण्यांचं हे वर्ष नव्हतंच. कुणी अर्धे देऊन जाई, कुणी म्हणे, "काकू, बाकीचे पुढच्या वेचणीला." मी रोजचा आकडा आजोबांना वाचून दाखवत होते, कारण तसा नेम आहे. ते ऐकून घेत. डिसेंबर लागला तेव्हा एका सकाळी म्हणाले, "झालं. हात आंधळे निघाले. मार्चला शटर."

मी म्हटलं, "अहो, डिसेंबरचा हप्ता आहे. शेतात जायला हवं."

"आता काय पाहायचं? जे हाय ते तुझ्या गल्ल्यात दिसून राह्यलंय."

"मग मी किती आणे धरू?"

"तुला वाटंल ते धर, मॅडम. तू शिकलेली हायस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, ते मला थट्टेने मॅडम म्हणतात, पण त्या दिवशी त्यात थट्टा नव्हती.

दोन-तीन दिवसांनी ती शेतवाली बाई दुकानात आली. राहिलेल्या उधारीतले थोडे पैसे द्यायला आली होती. पैसे माझ्या हातात ठेवून ती आजोबांना म्हणाली, "काका, यंदा काई खरं न्हाई बगा. बांधाकडची कपाशी लई भारी आली, पण मधी काईच न्हाई. पाणी साचून राह्यलं मधी, झाडं पिवळी पडली."

आजोबांनी मान वर केली. "बांधाकडची?"

"हाव. कडंच्या दोन ओळी. तुमी पाह्यल्या त्याच की."

"मी कडंच्या ओळी पाह्यल्या?"

ती माझ्याकडे बघून जरा घुटमळली. "मधी गाळ होता ना काका. घोट्याएवढा. तुमाला कुठं गाळात नेऊ? पडले असते तर काकू मलाच बोलल्या असत्या. म्हून बांधाबांधानंच फिरवलं."

मी रिक्षापासून सगळं पाहिलं होतं, पण माझं लक्ष त्यांच्या हातांवर होतं, ते कुठे उभे होते त्यावर नव्हतं. बांधालगतच्या ओळींना ऊन जास्त मिळतं, पाणी साचत नाही, शिवाय जाता येता शेणखताची पाटी तिथेच उपडी होते. तिथली झाडं कधीही जोमदार. शेत पाहणारा माणूस त्या ओळींकडे बघतसुद्धा नाही, हे शेतात वाढलेलं पोरही सांगेल. डोळे होते तोवर आजोबांनी कधी त्या ओळीचं पान तोडलं नव्हतं.

मला वाटलं ते चिडतील. ते हसायला लागले. इतके हसले की खोकला आला आणि मी पाणी दिलं.

"अगं बाई, मला बांधावरून फिरवलंस व्हय! लग्नातल्या नवरदेवावानी! चप्पलसुदिक भरू दिली न्हाई!"

"मंग काय करू काका? माणसाला जपू नये का?"

"जपावं. पण कपाशी पाहायला नेऊन न्हाई जपावं." मग मान माझ्या बाजूला वळवून म्हणाले, "ऐकलंस का? बांधाची कपाशी बारा आणेच होती. बराबर बाराच. हात न्हाई चुकला."

"ऐकलं," मी म्हटलं.

"मंग बसलीस काय? रिक्षा बोलाव. जल्दी."

त्या दिवशी ते मधोमध गेले. त्या बाईने या वेळी त्यांना बांध सोडून ओळीतून आत नेलं, वाळलेल्या ढेकळांतून. दोनदा अडखळले. उकललेल्या बोंडांची टोकं फार टोचरी असतात, बाहेर आले तेव्हा बोटांवर ओरखडे होते आणि धोतराला काडीकचरा. खालची बोंडं गळून गेली होती, पण शेंड्याकडे थोडी नवी धरली होती, अजून मिटलेली. दुरून पाहणाऱ्या कुणाच्याही ती लक्षात आली नसती. आजोबांच्या हातांना सापडली. रिक्षात बसल्यावर बराच वेळ बोटं चोळत राहिले.

"आठ," ते म्हणाले. "आठाच्या वर जरासंच. शेंड्याचा कापूस जानेवारीत येतो."

मी घरी येऊन हिशेब मांडला. आठ आण्यांच्या वर्षाचा पंचाहत्तर टक्के कर किती, आणि आम्ही आधी किती भरला आहे. सप्टेंबरला बाराच्या हिशेबाने जास्त गेलं होतं, त्यामुळे डिसेंबरला अगदी थोडंच भरायचं होतं. मी तो लहानसा आकडा पाहत बसले. इतकी वर्षं मी ते कलम हप्त्यांचं कलम म्हणून वाचत आले होते. त्या दिवशी कळलं की त्यात माणसाला चुकायची मुभा आहे. जूनमध्ये जे सांगितलं ते सप्टेंबरला बदलता येतं, सप्टेंबरचं डिसेंबरला. मध्ये कुणी तुम्हाला खोटारडा म्हणत नाही. पुढच्या वेळी नीट बघून सांग, एवढंच. सरकारकडून मी इतक्या समजूतदारपणाची अपेक्षा केली नव्हती.

मी ते आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "माझा बापसुदिक असंच म्हणायचा. आधी आकडा सांग, मंग पुन्हा पाह्य."

जानेवारीत शेंड्याचा कापूस आला. फेब्रुवारीत राहिलेली उधारी आली, काहींची नाही आली. मार्चच्या हप्त्याच्या आधी मी सगळी वसुली मांडली, तर आठ आण्यांच्या जरा वर. सीए म्हणाले, "काका यंदा सप्टेंबरला चुकले होते ना?" मी म्हटलं, "ते नाही चुकले. त्यांना बांधावरून नेलं होतं." त्यांना काही कळलं नाही. जालन्यात ऑफिसात बसून कळायचंही नाही.

त्याच संध्याकाळी तुमच्या बाबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "मग बाबा, शटर?" आजोबा म्हणाले, "कशाचं शटर? बांध चुकला, मी न्हाई चुकलो. साक्षीदाराला विचार." तुमच्या बाबांनी मला विचारलं. मी साक्ष दिली. ते म्हणाले, "बरं. पण आई, त्यांना चिखलात नेऊ नका." आजोबा ओरडले, "चिखलातच न्यायचं!" आणि मी फोन त्यांच्याकडून काढून घेतला.

थोरलीच्या प्रश्नाचं उत्तर यात कुठेतरी आहे, तुम्ही शोधा. किती मिळणार हे मला कळत नाही. मी शेतात जाऊन आलेल्या माणसाला विचारते, आणि तो काही महिन्यांनी पुन्हा जातो.

बियाण्यांच्या पिशव्या परवाच आल्या आहेत. दुकानाच्या पाटीला नवा रंग दिला. रुळांपलीकडची ती बाई काल बियाणं घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "काका, यंदा मधूनच नेते." आजोबांचे डोळे परत येणार नाहीत, डॉक्टरांनी तसं साफ सांगितलं आहे. दुकान चालू आहे, आणि जूनचा आकडा आजोबाच सांगणार आहेत.